पेटी कुणी उघडली?

मोटार झोकात फिरत होती, पण पाइपातून पाणी पडायचं ते थुंकल्यासारखं. वर ऊन असं की मातीला हात लावला तर चटका बसावा. कालच लावलेली मिरचीची रोपं माना टाकून बसली होती. दुपारी वीज जायची. तोवर पाणी मिळालं नाही तर अख्खा तुकडा गेलाच म्हणायचा.

विहिरीवर माणसांना मात्र तोटा नव्हता.

"हवा धरलीय," रिटायर झालेला कंडक्टर म्हणाला. "सगळा पाइप उतरवा."

"छे हो! खाली झडपेत कचरा अडकलाय," दूधवाला म्हणाला. "माझ्या मेव्हण्याच्या मोटारीचं अस्संच झालं होतं." मेव्हण्याची मोटार पुढं भंगारात गेली, हे सांगायचं तो सोयीनं विसरला.

"अण्णा, माझं ऐका," न्हावी म्हणाला, "मोटारच बदला."

मोटार होती अण्णांची. ती मधूनच बंद पडते म्हणून काल दाढी करता करता याच न्हाव्यानं सांगितलं होतं, "स्टार्टरची पेटी उघडा, वायरी सोडवून पुसा, परत आवळा. हाय काय अन् नाय काय!" आणि अण्णांनी सकाळीच, कुणाला पत्ता लागू न देता, तो उद्योग केला होता. मोटार बंद पडायची थांबली, पाणीही थांबलं. न्हाव्याला आपलाच सल्ला आज आठवत नव्हता. की आठवत होता आणि मुद्दाम बोलत नव्हता? अण्णांनी त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. काही कळेना.

तेवढ्यात बायको कानाशी आली. "अहो, हे काम तुमच्या दादांचंच. विहीर सामाईक. आपली मोटार बसली की सगळं पाणी त्यांचंच. बघा की, बांधावर उभे राहून कसे बघतायत! एक शब्द तरी बोलले का?"

"तूच म्हणालीस ना त्याला, आमच्या मोटारीला हात लावायचा नाही म्हणून?"

"म्हणाले. म्हणून रात्रीचा लावायचा होय?"

इकडं कंडक्टर पाना घेऊन पाइपाच्या नटाला भिडला होता. आता हे लोक मोटारीचे तुकडे करून घरी जातील, हे अण्णांना लख्ख दिसलं. ते तडक बांधाकडं निघाले. मागून बायको ओरडली, "खबरदार त्यांना आणलंत तर!" पण अण्णा थांबले नाहीत.

"दादा, बघतोस का जरा?"

थोरल्या भावानं एकवार धाकट्याकडं पाहिलं आणि विहिरीवर आला. मोटार चालू करायला लावली, मागचा पंखा पाहिला. लगेच मेन स्विच खाली ओढला, पेटी उघडली. दोन वायरींची अदलाबदल केली, पेटी लावली आणि म्हणाला, "कर चालू."

पाइपातून पाणी धो धो कोसळलं. कंडक्टरची विजार भिजली.

"वायरी उलट्या बसल्या होत्या, मोटार उलटी फिरत होती," दादा म्हणाला. "पेटी कुणीतरी उघडलीय."

"मी काय सांगत होतो!" न्हावी म्हणाला.

बायको मात्र कमरेवर हात ठेवून दादांसमोर उभी राहिली. "एवढ्या जणांना सकाळपासून कळलं नाही, आणि तुम्हाला आल्या आल्या कळलं? ज्यानं उलट्या बसवल्या त्यालाच सुलट्या करता येतात, भावजी!"

दादाचा चेहरा पडला. त्यानं अण्णांकडं पाहिलं आणि अण्णांना कळलं की याला सगळं समजलंय, तरी हा बोलणार नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"दादानं नाही," अण्णा म्हणाले. "सकाळी मीच पेटी उघडली होती. वायरी मीच लावल्या."

मग बायको फिस्सकन हसली. तिच्या मागून कंडक्टर, दूधवाला, आणि सगळ्यात मोठ्यानं न्हावी.

"तुम्ही?" बायको म्हणाली. "घरातला बल्ब बदलायला शेजाऱ्याला हाक मारता, आणि तुम्ही पेटी उघडणार? भावासाठी खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोला!"

"अगं, आईशप्पथ..."

"पुरे!"

दादा बांधावरून निघून गेला. पाणी सरीतून धावत मिरचीपर्यंत पोचलं, पण अण्णांची नजर वर उठेना.

"उद्यापासून पेटीला कुलूप," बायको म्हणाली. "आणि किल्ली तुम्ही कमरेला बांधा. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."