कडेची नावं

बिशपचा माणूस पूल ओलांडून आलाय असं एमटला कळलं, तेव्हा शब्दांचा अख्खा गठ्ठा तिच्या मांडीवर होता.

लिन बंदरात फादर ऑस्बर्नना कोण ओळखत नव्हतं? चर्चच्या भिंतीला टेकलेल्या खोलीत त्यांनी स्वतःला चिणून घेतलं होतं. मरेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही, अशी शपथच होती. उघडी फक्त एक खिडकी. तिथे बसून बारा वर्षं ते इंग्रजी शब्द आणि त्यापुढे त्याचं लॅटिन लिहीत होते, शाळेतल्या मुलांसाठी. बाजारातले शब्द आणून द्यायची एमट, जवाची दारू गाळून विकणारी विधवा. आणि फादर इतके काटेकोर, की ज्यानं शब्द दिला त्याचं नाव पानाच्या कडेला लिहून ठेवायचे.

"हे काही बायबलचं भाषांतर नाही, एमट. नुसते शब्द आहेत," फादर म्हणाले.

"विणकर होडकडे इंग्रजी बायबलचं एकच पान सापडलं होतं. बिशपच्या माणसानं नेला तो अजून परतला नाही. आणि तुम्ही तर नावांची यादीच करून ठेवलीय! हेमो, सिसली, दोरखंडाचा कारखानावाला. त्या माणसाला दारोदार हिंडायलासुद्धा नको."

मग आतून चाकू पुढे आला.

"कडा कापताना काही शब्द तुटतील गं."

"तुटू देत. हेमोला चार लेकरं आहेत."

एमट खिडकीबाहेर बसून कापत गेली, फादर आत पट्ट्या शेगडीत टाकत गेले. कातड्याची पानं ती, जळताना आकसायची, धुमसायची. शेवटची पट्टी आत गेली आणि कोपऱ्यावर टाचांचा आवाज आला.

बिशपच्या माणसानं आधी नाक आक्रसलं. "कसला वास हा?"

"चरबी करपली, सरकार. फादरांसाठी मटण ठेवलं होतं."

"मटण? ईस्टरआधीच्या उपासात?"

चाळीस दिवस अख्ख्या गावात मांस शिजत नव्हतं, आणि एमटच्या जिभेला नेमकं तेच सुचलं होतं.

त्यानं गठ्ठा उचलला, ताज्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "काय जाळलंत?"

"मी जाळलं," ती म्हणाली. "कडा वेड्यावाकड्या होत्या."

"शब्द कुणी दिले?"

"मीच."

"शिडाच्या दोऱ्यांची नावं? दारूवालीला?"

"खलाशांना तहान लागते, सरकार. आणि प्यायले की बोलतातच."

"कुठले खलाशी? नावं सांग."

"नावं विचारत बसले तर दारू कधी विकू?"

आतून फादर ओरडले, "ती निर्दोष आहे! मी लिहिलंय सगळं!"

"मग बाहेर या आणि तसं सांगा," तो माणूस म्हणाला.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एमटनं खिडकीला हात लावला. "बसा खाली, फादर. इतक्या वर्षांची शपथ माझ्यापायी मोडू नका. तुटलेले शब्द पुन्हा लिहायचेत तुम्हाला."

तो माणूस जरा वेळ पानं चाळत राहिला. त्यात पाखंड सापडेना, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. त्यानं गठ्ठा खिडकीत आपटला.

"पुस्तक राहू दे. बाई, तू चल. बिशपच्या कोठडीत नावं आठवतील तुला."

एमटनं हात पदराएवढ्या एप्रनला पुसले आणि ती त्याच्यापुढे चालू लागली. बाजारातून जाताना कुणीतरी हाक मारली, "एमटबाई, आज दुकान बंद का गं?" तिनं तिकडे पाहिलं नाही. डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही. बाजारात तिच्या ओळखीचं कुणीच नसल्यासारखी, सरळ पुलाकडे चालत राहिली.