उपास आणि उपाशी

सुभद्राबाईंनी जन्मभर जेवढे उपास केले, तेवढे नायगावच्या त्या अख्ख्या चाळीत कोणी केले नसतील. गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. कॅलेंडरात दिवस उरायचाच नाही. म्हणून दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, "आजी, उद्या रक्त द्यायला उपाशीपोटी या," तेव्हा त्यांना हसूच आलं. कालची पोर, मला उपास शिकवते!

महिनाभर अंगात जीव नव्हता. जिना चढताना त्या मध्येच बसकण मारायच्या, आणि कोणी बघितलंच तर चप्पल नीट करतेय असं दाखवायच्या. पण सून नम्रताच्या नजरेतून काय सुटतं? तिनेच मागे लागून दवाखान्यात नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी नम्रता कामावर गेल्यावर बाईंनी आंघोळ केली, देवाला हात जोडले, वाटीभर साबुदाण्याची खिचडी आणि गोड चहा घेतला आणि निघाल्या.

"काही खाल्लं नाही ना?" रक्त घेणाऱ्या मुलीने विचारलं.

"अन्नाचा कण नाय गो पोटात. उपास माझा."

रिपोर्ट आला तेव्हा नम्रता बरोबर होती. डॉक्टरणीचा चेहरा उतरला. "आजी, साखर एकशे शहात्तर. उपाशीपोटी एवढी म्हणजे डायबेटीसच म्हणायचा."

बाईंच्या डोळ्यांसमोर लालबागची शेवंती आली, त्यांची थोरली बहीण. साखरेने तिचा आधी अंगठा काळा पडला, मग पाऊल गेलं. चार बाप्यांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत घालून खाली उतरवली होती. जिच्या आवाजाने मजला हलायचा, ती पदराने तोंड झाकून बसली होती. ती खुर्ची आता आपल्या दाराशी येणार.

"एवढे उपास केले, त्याचं हे फळ?"

"उपासाला खाता काय?" डॉक्टरणीने विचारलं.

"खिचडी, बटाटा, शेंगदाण्याचा लाडू. सगळे खातात तेच."

नम्रताने कपाळाला हात लावला. "आई, टेस्टच्या दिवशीपण खिचडी खाल्लीत?"

"मग काय उपाशी जाऊ?"

डॉक्टरीण हसता हसता टेबलाला टेकली. बाईंना मात्र त्यात हसण्यासारखं काय ते कळेना. टेस्ट परत करायची ठरली. या वेळी फक्त पाणी. जोडीला तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी दुसरी टेस्ट. "तिच्यापुढे एका दिवसाचा उपास चालत नाही," डॉक्टरीण म्हणाली.

या वेळी एकशे अठरा आली. तीन महिन्यांची, सहा पॉइंट दोन.

"डायबेटीस नाही. पण काठावर आहात."

"काठावर म्हणजे पास ना? आमचा मुलगा मयूर बारावीला काठावरच पास झाला. पेढे वाटले होते मी."

"पास नाही, आजी. अजून नापास झाला नाहीत, एवढंच. बहिणीला साखर, तुमचं वय झालेलं, दिवसभर बसणं, त्यात हे पोट."

"मी काय जाडी हाय?" म्हणत बाईंनी पोटावर पदर ओढला. नम्रता खिडकीबाहेर बघत राहिली.

"जाड नसलात तरी पोटावरची चरबी वाईट. रोज अर्धा तास चाला, भात कमी करा, साखर आणि साबुदाणा बंद. इथून पुष्कळ माणसं मागे फिरतात."

"साबुदाणा नाय तर उपास कसला?"

"मग उपास सोडा."

गिरणी बंद पडली तेव्हा नवऱ्याला, धोंडूला, दुसरी नोकरी लागावी म्हणून बाईंनी गुरुवार धरला होता. मयूरच्या तापात शनिवार. नवरा गेला, मयूर मोठा बाप्या झाला, तरी वार सुटले नव्हते. या वयात देवाला काय सांगायचं, तुझ्यामुळे साखर वाढते? भांडायलाही त्राण नव्हतं.

बुधवारी रात्री हात आपोआप डब्याकडे गेला आणि साबुदाणा भिजला. गुरुवारी सकाळी बाई त्या फुगलेल्या दाण्यांकडे बघत उभ्या राहिल्या. मग पातेलं शेजारच्या बकुळाच्या दारात नेऊन ठेवलं.

"अगो, आणि तू काय खाणार?" बकुळा म्हणाली.

"ताक प्यायले. आज पहिल्यांदा खराखुरा उपास."

"मग चप्पल घालून खयं चाललंस?"

"खाली मैदानात. खुर्ची यायच्या आधी स्वतःच्या पायाने उतरून बघते."

मधल्या पायरीवर त्या बसल्या. बकुळा वरून बघत होती. या वेळी त्यांनी चप्पलेला हात लावला नाही. दम खाल्ला, कठडा धरला आणि उठल्या.