सील पक्कं

"एकशे सव्वीस!" काट्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवत वाहिदभाई म्हणाले. "काल एकशे अठरा होतं. एका दिवसात आठ ग्राम वाढलं, रामराव. आता बोला!"

काटा होता तांब्याची तार तोलायचा. त्याच्या ताटलीत घडी केलेला रुमाल होता, आणि रुमालावर डोळे न उघडलेलं, राखाडी पट्ट्यांचं मांजराचं पिल्लू. रामरावांनी चष्मा कपाळावर सरकवून वाकून पाहिलं. ते केळापूरहून आपल्या विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन आले होते, आणि ती अजून बाहेर टेम्पोतच पडून होती.

"मी काय बोलू? मले वाटलं, उंदीर तोलून राह्यले तुम्ही."

"तुमची नजर पैलेपासून कमजोर हाय."

"नजर कमजोर हाय म्हणूनच तं तुमच्याकडून मोटार बांधून घेतो."

वाहिदभाई हसले. पांढरकवड्यात हायवेला लागून त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत घर. अडतीस वर्षं ते पाण्यातल्या मोटारी खोलत, तार गुंडाळत आणि पुन्हा बंद करत आले होते. मोटारीच्या अंगावर तळहात ठेवून आत काय बिघडलंय ते सांगत. बहुतेकदा ते बरोबरही निघे.

पिल्लू काल सकाळी आलं होतं. पूनमसिंग नावाचा ओळखीचा ट्रकड्रायव्हर आदिलाबादहून येत होता. चहासाठी थांबून त्याने ताडपत्री सैल केली, तर घडीत हे वळवळताना दिसलं. आई कुठल्या गावाला राहिली, देव जाणे. "चाचा, तुम्हारे हाथ में बरकत है," असं म्हणून त्याने ते वाहिदभाईंच्या ओंजळीत टाकलं आणि ट्रक नागपूरच्या दिशेने निघून गेला.

मग वाहिदभाईंनी कामच सुरू केलं. वार्निश लावलेली वाइंडिंग वाळवायला त्यांच्याकडे बल्ब लावलेली एक पेटी होती. तिला वार्निशचा वास येतो म्हणून त्यांनी दुसरं कोरं खोकं घेतलं, त्यात साठचा बल्ब टांगला, एका कोपऱ्यात ऊब आणि दुसऱ्यात गारवा राहील असा तो तिरका बांधला. गल्लीतल्या रामीबाईकडून शेळीचं दूध आणलं. सुई काढलेल्या सिरिंजने दर दोन तासांनी थेंब थेंब पाजलं. पिल्लाला मांडीवर उताणं धरून, तान्ह्या मुलाला धरावं तसं.

त्यांची बायको जुबैदा दारातून बघत होती, जवळ मात्र आली नाही. "आरजूके अब्बा, डोळे बी नाई उघडले त्याचे. टिकणार नाई ते. तुम्ही जीव लावाल, अन् मंग आठ दिवस जेवणार नाई."

"टिकते की नाई ते पाहू."

एका गोष्टीचा वाहिदभाईंना विशेष अभिमान होता, आणि ती त्यांनी रामरावांना आत्ता काट्यापाशीच सांगून टाकली. "कालपासून दहा-अकरा वेळा दूध पाजलं. पण रुमाल पहा, कोरडा ठाक! एक थेंब बाहेर नाई. सील पक्कं हाय याचं."

रामरावांनी मान डोलावली. मोटारीबाबत दोघांचंही हेच मत होतं. आत पाणी शिरत नाही, बाहेर तेल गळत नाही, ती मोटार चांगली.

दहाच्या सुमारास पिल्लाने दूध घेणं बंद केलं. सिरिंजचं टोक ओठाला लावलं की तोंड फिरवी. त्याचं ओरडणं बारीक होत गेलं, आणि थोड्या वेळाने तेही थांबलं. नुसतंच तोंड उघडत होतं. वाहिदभाईंनी बल्ब थोडा खाली घेतला, परत वर केला. पोटावर बोट ठेवलं. पोट टणक लागलं, ताणलेल्या रबरासारखं. त्यांनी अख्खा तळहात ठेवून पाहिला. ना गरम, ना गार. अडतीस वर्षांचा हात, पण त्याला काहीच कळेना.

"पोट तं भरलेलं हाय," ते पुटपुटले. "मंग काहून असं करून राह्यलं?"

रामराव उठले. "चला. दवाखान्यात नेऊ. टेम्पो उभाच हाय."

"तुमची मोटार?"

"मोटार कायले मरते? ती तं मरूनच आली हाय."

जुम्मा होता. वाहिदभाई नमाजसाठी पांढरा कुर्ता घालून तयार होते. तसेच खोकं छातीशी धरून टेम्पोत बसले.

जनावरांच्या दवाखान्यात तीन शेळ्या आणि पाय सुजलेला एक गोऱ्हा रांगेत होता. डॉक्टर वैष्णवी वाहिदभाईंना ओळखत होती; दवाखान्याच्या बोअरची मोटार त्यांनीच उन्हाळ्यात बसवून दिली होती. तिने खोक्यात नजर टाकली आणि शेळीवाल्या बाईला थांबायला सांगितलं.

"काय पाजलं, चाचा?"

"शेळीचं दूध. कोमट करून."

"सध्या चालेल. कसं धरून पाजता?"

वाहिदभाईंनी हातानेच उताणं धरून दाखवलं.

"तसं नाही. पोटावर झोपवायचं, मान जराशी वर. उताणं धरलं तर दूध छातीत जातं." तिने पिल्लू उचलून पोट चाचपलं. "शी-शू केव्हा केली?"

"केलीच नाई!" काळजीतही वाहिदभाईंच्या आवाजात तो अभिमान उमटलाच. "कालपासून एक थेंब लीक नाई. वजन बी वाढलं. आठ ग्राम."

वैष्णवी त्यांच्याकडे बघत राहिली. हसू आलं, ते तिने ओठातच धरलं. "चाचा, ते आठ ग्राम दुधाने वाढलेलं वजन नाही. अडलेली शू आहे ती."

"म्हंजे?"

"इतक्या लहान पिल्लाला आपली आपण करताच येत नाही. दर वेळी पाजलं की आई जिभेने चाटते, तेव्हा होते. आई नाही, तर ते काम आपलं."

वाहिदभाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच... भरत गेलो, भरत गेलो..."

"बसा. कुर्ता वर घ्या, खराब होईल."

"होऊ द्या."

तिने पिल्लू त्यांच्या मांडीवर ठेवलं, कोमट पाण्यात कापूस भिजवून पिळला आणि पिल्लाच्या मागच्या बाजूला हलक्या हाताने फिरवू लागली. एक मिनिट गेलं. दोन. रांगेतला गोऱ्हेवाला पुढे येऊन उभा राहिला. शेळ्यांची मालकीणही आली. वाहिदभाई नुसते कापसाकडे बघत होते, आणि ओठ हलत होते.

आणि मग सुटली. आधी थेंब, मग बारीक धार. सरळ पांढऱ्या कुर्त्यावर, मांडीवर, खाली चपलेवर. एवढ्याशा जिवात एवढं कुठे मावलं होतं!

"आली! आली!" वाहिदभाई ओरडले. गोऱ्हेवाला मोठ्याने हसला. रामरावांनी टोपी काढून कपाळ पुसलं. पिल्लाने लांब श्वास घेतला आणि वैष्णवीच्या बोटाला तोंड लावून दूध शोधू लागलं.

तिने दवाखान्याच्या काट्यावर त्याला तोललं. एकशे एकोणीस.

"एक ग्राम वाढलं," ती म्हणाली. "हे खरं. याच्याहून जास्त वाढायला पाहिजे. रोज याच वेळी वजन करा, आणि दोन दिवसांत दहा-पंधरा वाढलं नाही तर परत आणा. अजून धोका टळला असं मी म्हणणार नाही. पण दर वेळी पाजलं की पुसायचं, तीन आठवडे. विसरायचं नाही."

घरी येऊन वाहिदभाईंनी अंघोळ केली, दुसरा कुर्ता घातला आणि कशीबशी मशिदीत जमातीची शेवटची रांग गाठली. परत आले तेव्हा पिल्लाची वेळ झाली होती. या वेळी पोटावर झोपवून पाजलं. दोन मिली गेलं. मग आतल्या खोलीत पलंगावर बसून, भिजवलेला कापूस बोटांत धरून ते कामाला लागले. कापसाचे तंतू पिल्लाला चिकटत होते.

जुबैदा आत आली. तिच्या हातात मलमलीचा जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा होता.

"हे घ्या. कापूस चिकटते."

"कुठून काढलं?"

"आरजूचं हाय. सातव्या महिन्यात झालती, आठवते? मुठीएवढी. असंच पाजत होती मी, बोळ्याने." तिने तुकडा कोमट पाण्यात बुडवला. "तुम्हाले कसं ठाऊक असंल? लोक दारातून हाक मारत, अन् तुम्ही उठून मोटारी खोलाले जात."

वाहिदभाई तुकडा घेऊन पुसू लागले.

"इतकं दाबू नका. तार नाई गुंडाळून राह्यले तुम्ही." तिने त्यांचा हात धरला आणि बोटं सैल केली. "असं. खालून वर. पोरगी झोपली हाय असं समजा."

त्यांची जाड, वार्निशने काळवंडलेली बोटं तिच्या बोटांमागे हळूहळू फिरू लागली. मलमल ओली झाली. तिने तुकड्याची कोरडी बाजू वर करून दिली.

"वाहिदभाऽई!" दुकानातून रामरावांचा आवाज आला. "मोटार उतरवू का, जी?"

वाहिदभाईंनी मान वर केली, पण हात थांबवला नाही.

"थांबा जरा, भाऊ," जुबैदानेच उत्तर दिलं. "त्यांचे हात रिकामे नाईत."