थोरलीची मयत

वारुळात मेलं कोण आणि जिवंत कोण, हे वासावर ठरतं. मेलेल्या मुंगीला एक तेलकट वास सुटतो. तो आला की उचलायचं आणि उकिरड्यावर टाकायचं. पाय हलतायत का, हे बघायचं अजून कुणाला सुचलेलं नाही. एवढी धावपळ, एवढी शिस्त, आणि अकलेच्या नावाने शंख! नियम आहे म्हटलं की सगळ्या गपगार.

हा नियम थोरलीच्या अंगाशी आला. कोठारात दाणे रचताना कोपऱ्यातली एक जुनी मेलेली मुंगी तिच्या पाठीवर कोसळली आणि तिचं तेल थोरलीला माखलं. ती बाहेर आली, तर मयत उचलायच्या कामावर नेमकी धाकटी. तशा वारुळात सगळ्या एकमेकींच्या बहिणीच. पण या धाकटीला थोरलीने अळी असल्यापासून भरवलं होतं, चाटूनपुसून मोठं केलं होतं.

"अगं, मी आहे मी! सोड!" थोरलीने लाथा झाडल्या.

"ताई, गप ना. सगळ्या बघतायत," असं म्हणून धाकटीने तिला जबड्यात धरलं आणि उकिरड्यावर टाकून आली.

थोरली पाठोपाठ परत आली. तोवर तिची शोकसभा रंगात आली होती. "अशी कामसू बहीण पुन्हा होणे नाही," मुकादमीण गहिवरून सांगत होती.

"होणे नाही काय? ही काय मी उभी आहे!"

मुकादमिणीने मिशा आखडून घेतल्या. "मयतीने मध्ये बोलू नये."

सगळ्यांना ते पटलं. धाकटीने थोरलीला पुन्हा उचललं.

उकिरड्यावर थोरली रडकुंडीला आली. "पुढचं सगळं मी चाटून काढलंय गं. पाठीला माझं तोंड पोचत नाही. तेवढं तू चाट, बाळा. अंधार पडला की इथे कोळी उतरतो."

धाकटीने पाठीकडे पाहिलं. डाग काही फार मोठा नव्हता. "पण ताई, माझ्या तोंडाला वास लागला तर? मग मलाही उचलतील."

थोरलीने पुढे केलेली पाठ वळवून घेतली. "हो, तेही खरंच," ती म्हणाली.

धाकटी परतली. दिवस कलताना दारावरची पहारेकरीण ओरडली, "धाकटे, तुझी मयत आली बघ परत! साधं टाकता येत नाही तुला?" सगळ्या खो खो हसल्या. जिवंत आहे ती, एवढंच धाकटीला म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"नेते हं," धाकटी म्हणाली.

या वेळी थोरलीने लाथा झाडल्या नाहीत. मेलेल्या मुंग्यांसारखे सगळे पाय तिने आपणहून पोटाशी घेतले, धाकटीला न्यायला सोपं जावं म्हणून.

"आता कसं जमलं!" पहारेकरीण म्हणाली. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची मान वर होईना. जबड्यातलं ओझं गरम होतं, आणि ते हळूच सांगत होतं, "सांभाळून, पुढे खडा आहे."

उकिरड्यावर तिने थोरलीला अलगद ठेवलं. कोपऱ्यात जाळं हललं. थोरलीने पाय उघडलेच नाहीत.

"जा बाळा, उशीर होईल तुला."

आणि धाकटी खरोखरच गेली.