घरच्यांची कॉफी

नाबुलला नारिंगं फुलली की गावाला गुंगी येते. अंगणाअंगणांत चादरींवर पांढरी फुलं पसरतात, फुलपाणी काढायला तांब्याची भांडी चुलीवर चढतात, आणि त्या वासात माणसं अर्धी जागी, अर्धी झोपेत वावरतात. वकीलबाई दलिंदा काडीमोड घ्यायला निघालेल्या नवराबायकोंना मुद्दाम याच दिवसांत बोलवायची आणि फुलं निवडायला बसवायची. पेंगुळलेल्या माणसाला वाईट बोलायचा कंटाळा येतो, असं तिचं म्हणणं.

तिची अट एकच. जे ठरवायचं ते तिच्या अंगणातल्या या नारिंगाच्या झाडाखाली ठरवायचं. इथून उठून कोर्टात भांडायला गेलात, तर ती दोघांपैकी कुणाचंच वकीलपत्र घेणार नाही. काडी मोडायचीच तर हळू मोडावी, उगाच कुणाच्या डोळ्यात कुसळ जायला नको.

शादली आणि नझीहा यांचं घर, दुकान, भांडीकुंडी सगळं शहाण्यासारखं वाटून झालं होतं. मूल नव्हतं. अडलं होतं ते मन्नूबियापाशी. मन्नूबिया शादलीची आई; दोघंही तिला उम्मी म्हणत. तो आता राजधानीत, ट्यूनिसला राहायला जाणार होता आणि आईला बरोबर नेणार होता. नझीहा म्हणत होती, नवरा खुशाल जाऊ दे, सासू मी सोडणार नाही. मुलांची ओढाताण दलिंदाने पुष्कळ पाहिली होती, पण सासूसाठी हटून बसलेली सून ही पहिलीच. कायद्यात याला कुठे रकाना नव्हता, आणि ते तिला मनातून फार आवडलं.

"लोक काय म्हणतील, उस्ताज़ा?" शादली वकीलबाईला म्हणाला. "पोटचा मुलगा असताना आई टाकलेल्या सुनेच्या दारात?"

"टाकलेली कोण? मी सोडलंय तुला," नझीहा म्हणाली. आवाज चढला नाही, फूल निवडायचंही थांबलं नाही.

शादलीचा हट्ट लोकांसाठी नाही, हे दलिंदाला दिसत होतं. उम्मी तिकडे सकाळी उठल्या की पहिल्यांदा काय विचारतील, एवढंच तिने विचारलं. शादलीचा हात फुलांवर थांबला. नझीहाचाही थांबला. दलिंदाने उकरून काढलं नाही. पुढची बैठक मन्नूबियाच्याच स्वयंपाकघरात घेऊ, म्हणाली.

म्हातारीने आपल्या हाताने कॉफी केली. त्या घरची रीत होती: पाहुण्याच्या कॉफीत फुलपाण्याचे थेंब, घरच्यांना साधी. लहानपणी शादली थेंबासाठी हट्ट करायचा, तेव्हा ती म्हणायची, "घरच्यांना कसलं अत्तर?" आज तिने दलिंदाच्या पेल्यात थेंब टाकले. नझीहाला साधी दिली. मग शादलीच्या पेल्यावर बाटली वाकडी केली.

"लेकी, साखर दे जावयाला," ती नझीहाला म्हणाली. "लांबून आलाय बिचारा."

फुलपाण्याचा वास खोलीभर पसरला.

"कधीपासून?" शादलीने हळूच विचारलं.

"थंडीपासून," नझीहा म्हणाली.

आई मुलाला ओळखत नाही, हे तिने बैठकीत काढलं असतं तर ती पहिल्याच दिवशी जिंकली असती. तिने काढलं नव्हतं.

"मला विसरलीय, हे मलाही ठाऊक होतं," शादली म्हणाला. "वाटलं, तिकडे नेली, डोळ्यांपुढे मी एकटाच राहिलो, तर ओळखेल." त्याने पेला दोन्ही हातांत धरला. "राहू दे तिला इथेच. मी शुक्रवारी येत जाईन."

"कोण म्हणून?" दलिंदाने विचारलं. विचारणं जिवावर आलं होतं, पण असल्या गोष्टी मोघम ठेवल्या की पुढे सलतात.

"जावई म्हणून," तो म्हणाला. "माझ्या आईचा."

"मग रिकाम्या हाताने येऊ नकोस," नझीहा म्हणाली. "उम्मीला चालत नाही." आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती दोघं एकाच गोष्टीला हसली. मन्नूबियाही हसली, कशाला ते न कळता.

जज्जांसमोरचं काम पटकन उरकलं. नारिंगं पुन्हा फुलली. एका शुक्रवारी दुपार कलताना दलिंदा अंगणात चादर अंथरत होती, तेवढ्यात शादली दारात उभा राहिला.

"उस्ताज़ा, आज कॉफीत थेंब नव्हते."

दलिंदाचे डोळे लकाकले. "ओळखलं?"

"नाही." तो चादरीच्या कडेला टेकला. "मीच विचारलं, माझे थेंब कुठे? तर म्हणाली, दर शुक्रवारी येतोस बाबा, आता तू घरचाच. घरच्यांना कसलं अत्तर?"

दलिंदा त्याच्याजवळ बसली.

"गाळासकट प्यायलो," शादली म्हणाला, आणि फुलांत तोंड घालून पोटभर रडला.