पडायला शिकवणारी पेटी

मी एक जुनी पेटी आहे, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. कागदोपत्री माझं नाव 'लढाऊ विमानाचा सिम्युलेटर' असं भारदस्त आहे; पण धावपट्टीच्या कडेला असलेल्या या उंच पत्र्याच्या शेडमध्ये आजवर जी जी माणसं आली, त्यांनी मला पेटीच म्हटलं. म्हणू देत. मला पंख नाहीत, इंजिन नाही. चाळीस वर्षांत मी जमिनीपासून फार तर हातभर वर गेले असेन, तेही माझ्या चार पोलादी पायांच्या उचक्यांमुळे. तरीही मित्रांनो, या तळावरून उडालेला एकही वैमानिक असा नाही, जो आधी माझ्या मांडीवर बसून घामाघूम झाला नाही.

कारखान्यात माझा जन्म खऱ्या विमानाचं नाक म्हणून झाला होता. सांगाडा जुळवताना तो बोटभर तिरका बसला. तपासनीसानं खडूनं माझ्यावर फुली मारली आणि माझे पंख दुसऱ्याच कुणाला लावले गेले. मला इथे आणलं, खाली चार पाय दिले, समोर पडदा लावला. वैमानिकानं दांडा ओढला की पाय हलत, काटे फिरत आणि पडद्यावरचं जग कलत जाई.

ते जग कुठून येई, हे तुम्हाला आज खरं वाटणार नाही. शेजारच्या दालनात दोन मजले उंच भिंत होती, आणि त्या भिंतीवर एक अख्खा मुलूख उभा टांगलेला होता. डोंगर, नदी, पूल, शेतं, पन्नास घरांचं गाव. सगळं प्लास्टर, भुसा आणि स्पंजचं. भिंतीसमोर रुळांवर एक कॅमेरा सरकत असे. वैमानिक वळला की कॅमेरा वळे, खाली आला की कॅमेरा भिंतीजवळ जाई, आणि त्याला दिसेल तेच माझ्या पडद्यावर उमटे.

हा मुलूख घडवला एका बाईनं. तिला सगळे रंगारीणबाई म्हणत. कमरेला कात्री, कानावर ब्रश, आणि तोंड भलतंच तिखट. एकदा तिनं एका घराच्या अंगणात दोरी बांधून नखाएवढे कपडे वाळत घातले, तेव्हा आमचे प्रशिक्षक हसले. त्यांना सगळे वस्ताद म्हणत.

"बाई, अहो, विमान इतक्या वेगात जाणार! कपडे कोण बघतंय?"

"जिथे कपडे वाळतात तिथे माणसं असतात, वस्ताद. वरून बॉम्ब टाकणाऱ्याला ते कळायला नको?"

वस्ताद आपल्या टेबलाकडे वळले. बाईपुढे माघार घ्यायची ती काही त्यांची पहिली वेळ नव्हती.

आता त्या बटणाची गोष्ट सांगते. माझं सगळं आयुष्य त्या बटणाभोवती फिरलं.

पहिल्याच वर्षी एका धांदरट पोरानं मला नाक खाली घालून असं सोडलं, की कॅमेरा थेट भिंतीत घुसला. भिंग फुटलं आणि गावातली अकरा घरं जमीनदोस्त झाली. बाई शिडीवर चढली, ढिगारा पाहिला आणि तिथूनच कडाडली, "तुमची पोरं खेळात मरतात आणि माझं गाव खरंखुरं मरतं! काहीतरी सोय करा, नाहीतर मी निघाले घरी." मग वस्तादांच्या टेबलावर एक पिवळं बटण बसलं. ते दाबलं की सगळं जागच्या जागी थांबे. कॅमेरा, पडदा आणि मीसुद्धा. जमीन अगदी अंगावर आली की वस्ताद ते दाबत आणि हेडफोनमधून म्हणत, "झालं, झालं. पुन्हा वर जा." गाव वाचलं. पोरंही खूश.

त्या वर्षांतल्या लढाया पाठलागाच्या होत्या. शत्रूच्या शेपटीला चिकटायचं, तो वळला की त्याच्या आत वळायचं, मान मोडेपर्यंत मागे बघायचं. ज्याची नजर तेज, तो राजा. मग क्षेपणास्त्रं आली. आता शत्रू डोळ्यांना दिसायच्या आधीच रडारवर ठिपका म्हणून दिसे आणि ठिपका म्हणूनच संपे. जुने वैमानिक कुरकुरले, "ही काय लढाई? ही तर टायपिंगची परीक्षा!" त्यानंतर विमानांना नवं काम मिळालं. झाडांच्या शेंड्यांवरून, रडारच्या नजरेखालून जायचं, बॉम्ब टाकायचा आणि निसटायचं. दर वेळी माझे काटे बदलले, दांड्यावरची बटणं बदलली, खुर्ची मात्र तीच राहिली. दर वेळी कुणीतरी म्हणालं, आता ही पेटी पुरे. दर वेळी मी त्यांच्या नाकावर टिच्चून टिकले.

पुढे भिंतही गेली. चित्रं संगणकातून येऊ लागली. बाईनं ते कामही शिकून घेतलं. ब्रश ठेवला आणि की-बोर्डवर झाडं लावू लागली. कॅमेरा भंगारात गेला, प्लास्टरचं गाव तुकड्यातुकड्यांनी हातगाडीवरून बाहेर पडलं. आता फुटायला भिंग नव्हतं आणि मोडायला घरं नव्हती.

पण मित्रांनो, बटण राहिलं. आणि ते का राहिलं, हे कुणीच विचारलं नाही. जमीन अंगावर आली की वस्तादांचा हात पुढे जाई, सगळं थांबे, हेडफोनमध्ये "झालं, झालं" ऐकू येई. पोरांच्या पिढ्यांमागून पिढ्या माझ्या मांडीवर हेच शिकल्या, की शेवटच्या क्षणी जग थांबतं. मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते.

बाईच्या बहिणीचा मुलगा लहानपणी भिंत बघायला यायचा. "मावशी, या नदीत मासे का नाहीत?" म्हणून भांडायचा. तोच पुढे वैमानिक झाला. माझ्यात बसलेल्या शेकडो पोरांपैकी त्याच्यासारखा हात मी पाहिला नाही. दांडा असा धरायचा, जसं चिमणीचं पिल्लू धरलंय. एका स्वच्छ सकाळी सरावासाठी तो खरं विमान घेऊन गेला, लक्ष्यावर नाक खाली घातलं, आणि वर काढायला त्याला उशीर झाला. एखाद्या श्वासाएवढा उशीर. तो खुर्चीसकट बाहेर फेकला गेला, हवाई छत्रीनं उतरला, जिवंत राहिला. विमान माळावर जळलं. त्याच्या पाठीचे मणके दबले आणि त्याचं उडणं कायमचं संपलं.

चौकशीला तीन माणसं आली. त्यांनी फायलीत दोन गोष्टी लिहिल्या. अपघाताचं कारण : वैमानिकाची बेपर्वाई. आणि शेवटी एक ओळ माझ्यासाठी : पेटी जुनाट असून नव्या लढाईला निरुपयोगी, मोडीत काढावी. म्हणजे आम्हा दोघांनाही एकाच कागदानं निकालात काढलं!

काही महिन्यांनी तो काठी टेकत शेडमध्ये आला. बाई संगणकावर होती, वस्ताद टेबलाशी.

"मावशी, एक सांगू? हसू नकोस."

"हसण्यासारखं काय ठेवलंयस? बोल."

"मी बेपर्वा नव्हतो गं. जमीन दिसत होती. काटाही दिसत होता. पण मी... वाट बघत होतो."

"कशाची?"

"सगळं थांबायची."

वस्तादांनी आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. आणि बाई? माझ्यासमोरच्या पायरीवर ती बसली. ते बटण तिनं मागितलं होतं. प्लास्टरच्या अकरा घरांसाठी.

थोड्या वेळानं ती उठली. डोळे पुसले नाहीत. तिला ते आठवलंच नसावं.

"हे आधी का नाही सांगितलंस चौकशीत?"

"सांगून कोण ऐकणार? म्हणतील, पोरगा सबबी सांगतोय."

"सांगून नाहीच कळायचं," बाई म्हणाली. "दाखवावं लागेल."

पुढच्याच आठवड्यात मोठे साहेब माझ्या मोडीच्या कागदावर सही करायला येणार होते. मोठे साहेब म्हणजे पाठलागाच्या काळातले नामांकित वैमानिक, माझ्या पहिल्या तुकडीतले. ते यायच्या दिवशी सकाळी बाई वस्तादांना म्हणाली, "आज बटण दाबू नका."

"बाई, माझी नोकरी जाईल."

"माझ्या भाच्याची पाठ गेलीय."

वस्तादांनी मान डोलावली. पण त्या हाताला किती वर्षांची सवय आहे, हे बाई जाणून होती. वस्ताद चहाला गेल्यावर ती टेबलाखाली शिरली आणि स्पंजची झाडं कापायच्या त्याच कात्रीनं तिनं बटणाची तार कापून टाकली.

साहेब आले. पेन काढलं. बाई समोर उभी.

"सही करण्याआधी एकदा बसा, साहेब. शेवटचं."

"मी? अहो बाई, मी हिच्यात बसलो तेव्हा हिचा रंगही वाळला नव्हता!"

"मग बसाच. बघू तरी, काही आठवतंय का."

असं कुणी म्हटल्यावर जुना वैमानिक मागे हटतो का? साहेबांनी टोपी काढली, पट्टे आवळले. वजन वाढलं होतं, पण हात तोच होता. त्यांनी मला डोंगरांमधून असं नेलं, की माझ्या गंजक्या पायांना तरुणपण आठवलं. मग लक्ष्य दिसलं. बाईनं तेच माळरान लावलं होतं, तोच कोन, तीच उंची. साहेबांनी नाक खाली घातलं. जमीन वर येऊ लागली. आणि नेमक्या त्या जागी, जिथे आजवर सगळ्यांचा हात सैल पडत आला होता, तिथे साहेबांचाही हात दांड्यावर सैल पडला. मी तो सैल पडताना अंगावर अनुभवला.

टेबलाशी वस्तादांचा हात पुढे गेला. वचन दिलं होतं, तरी गेला. बटण दबलं. काहीच थांबलं नाही.

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण आपटले. पडदा लाल झाला, भोंगा किंचाळला, माझे चारही पाय एकदम खाली बसले. साहेबांचे दात एकमेकांवर आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पूर्ण खरं बोलले होते.

झाकण उघडलं. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"वस्ताद! थांबवलं का नाही?"

वस्तादांनी बटण पुन्हा दाबून पाहिलं. बाई बोलली.

"त्यांनी दाबलं, साहेब. तार मी कापलीय. पण वर हवेत कोण दाबणार होतं?"

साहेब ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिले.

"मी हात सोडला," ते हळूच म्हणाले. "मी. का सोडला?"

"त्या उंचीवर सगळेच सोडतात. आम्ही तसंच शिकवलं. माझ्या भाच्यानंही सोडला. तुम्ही त्याला बेपर्वाई म्हणता."

साहेबांनी पुन्हा झाकण ओढून घेतलं. "लावा परत."

साहेब दुसऱ्यांदा आपटले. तिसऱ्यांदा आपटले, तेव्हा अशी शिवी घातली की बाईनं कौतुकानं भुवया उंचावल्या. पाचव्यांदा मात्र त्यांनी वेळेत दांडा खेचला, माळरान पोटाखालून सर्रकन निघून गेलं आणि समोर निळं आभाळ उघडलं.

बाहेर येऊन त्यांनी फाईल मागवली. 'बेपर्वाई' या शब्दावर आडवी रेघ मारून वर लिहिलं, 'प्रशिक्षणातील दोष'. बाई म्हणाली, "त्यात माझं नाव घाला. बटण मी मागितलं होतं."

"तुम्ही भिंतीसाठी मागितलं, बाई. भिंत गेल्यावर ते आम्ही कुणीच काढलं नाही. सगळ्यांची नावं घालायची तर कागद पुरायचा नाही." आणि माझ्या मोडीचा कागद त्यांनी सही न करताच घडी घालून खिशात ठेवला.

ते बटण आता टेबलावर नाही. तिथे एक गोल भोक राहिलंय. वस्ताद निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत बाईचा भाचा बसतो, काठी टेबलाला टेकवून.

आता म्हणतात, विमानात माणूसच नको. शेजारच्या इमारतीत थंडगार खोलीत पोरं खुर्च्यांवर बसून दूरच्या विमानांना हाकतात. परवा एकजण मला पाहून म्हणाला, "आमच्या विमानात कुणी बसतच नाही, मग मरणार कोण? हिचं काय काम उरलंय?" अरे पोरा, विमानात कुणी नसेल, पण खाली कुणी नसतं असं कुणी सांगितलं तुला? तुझ्या पडद्यावरही थांबवायचं एक बटण आहे, आणि तू ते दाबलंस तरी खाली जमिनीवरचं काहीच थांबत नाही. ये, बस माझ्यात. थंडगार खुर्चीत जे कळत नाही, ते मी तुला चार आपट्यांत सांगते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी हात जोडतात, म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, झाकून ठेवा. मी म्हणणार नाही. झाकून ठेवलेली पेटी कुणाला काय शिकवणार? मला वापरा. माझे पाय झिजू देत. फक्त एवढं करा : शिकणाऱ्याच्या मायेपोटी माझ्या तोंडावर हात ठेवू नका. आणि एखादा नियम हाताला पाठ झाला असेल, तर तो कशासाठी होता हे अधूनमधून विचारत जा.

आज सकाळी एक नवी मुलगी आली. नऊ वेळा आपटली. दहाव्यांदा आपटल्यावर झाकण उघडून ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, मला नाही जमणार हे."

भाचा काठी टेकत पायऱ्या चढला आणि त्यानं स्वतःच्या हातानं तिचे पट्टे पुन्हा आवळले.

"इथे हवं तेवढं पड," तो म्हणाला. "चल. अकरावी."

मी पाय ताणले आणि तिला घेऊन वर निघाले.