सासूबाईंचे मोजे आणि मी

हा खोकला नाही हो, मी बोलतेय. जुनी मोटारसायकल, दोन सिलिंडरची. एका गाडीला दोन काळजं कशाला, असं लोक विचारतात. तुम्हाला एक आहे, त्याने काय दिवे लावलेत?

कारखान्यातून निघाले तेव्हा अशी झळकायचे, की लोक माझ्या टाकीत बघून भांग पाडत. पहिला मालक नवा नवरा. त्याच्या बायकोला मी सवत वाटायचे. खरं सांगायचं तर होतेच. दुसरा पाववाला. तिसऱ्याने मला जिन्याखाली उभी केली आणि विसरला. माझ्यावर छत्र्या टांगल्या, सीटवर मांजर व्याली. मी आपली येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पँटीला तेल लावायचे. तेवढीच करमणूक.

मग आली दातांची डॉक्टर. उभ्या जन्मात स्वतःची गाडी नव्हती, आणि पहिली घेतली ती मी!

तिच्या सासूबाईंनी मला बघून नाक मुरडलं. "सूनबाई, रविवारी मला मागे बसवून ही टेकडी चढली तर ठेव. नाहीतर सोमवारी भंगारवाला."

"चालेल, आई."

चालेल तेव्हा ना!

बाईने मात्र जीव ओतला. दवाखाना सुटला की अंगणात बसायची आणि दात कोरायच्या आकड्यांनी माझा कार्ब्युरेटर साफ करायची. मला गुदगुल्या व्हायच्या. "आ करा" एवढंच म्हणायची राहिली होती. गंज घासला, वायरी बदलल्या, जुने प्लग चकाचक करून पुन्हा बसवले. शनिवारी किक मारली आणि मी धडधडले. ती नाचलीच.

आता गंमत ऐका. मी एकाच सिलिंडरवर चालत होते, डावा गप्प. पण दोन्हींचा आवाज तिने कधी ऐकलाय? मी मनात हसले. मग टेकडी आठवली आणि हसू आटलं. दोघींना घेऊन एका काळजावर चढायचं कसं? आणि सांगायचं कसं? माझी भाषा सगळी धुराची.

गाडी चालू दिसल्यावर सासूबाई ती ऊब फुकट कशी जाऊ देतील? धुतलेले मोजे आणून माझ्या दोन्ही सायलेन्सरवर एकेक वाळत घातला. थोड्या वेळाने उजवा करपायला आला, डावा अजून टिपटिप गळतोय.

"सूनबाई, ही अर्धीच जिवंत आहे."

डॉक्टरने डावा प्लग काढून पाहिला. ठिणगीचा पत्ता नाही.

"मेलेलाच परत बसवलास?"

"वाचेल असं वाटलं, आई. होता होईतो मी काही उपटत नाही."

"म्हणून तुझे पेशंट गाल धरून हिंडतात. जा, नवा आण."

बघा, स्वतःच्याच अटीवर सासूबाईंनी पाणी फिरवलं, तेही मोज्यांचं.

रविवारी टेकडी. सासूबाई मागची कडी धरून ताठ बसलेल्या. सुनेला धरणं त्यांच्या शिस्तीत नव्हतं. अर्ध्या चढावर मला उचकी लागली. सासूबाईंनी सुनेला घट्ट मिठी मारली. माथ्यावर पोचलो तरी हात सुटेनात.

"थांबलीस का? पुढे रस्ता आहे ना?"

तेव्हापासून भंगारवाल्याचं नाव नाही. दर रविवारी आम्ही तिघी फिरतो, आणि दर चढावर मला उचकी लागते. कारण शोधायला डॉक्टरने पुन्हा ते दातांचे आकडे काढलेत. विनवते, तिला काही सांगू नका. माझ्यात काडीचाही बिघाड नाही.